व्हिसलिंग स्ट्रेट्स: पुण्याहून मित्र येतोय, 22 हँडिकॅपवाल्यांनी जावं का?

नेपरविलकर

मंडळी, सप्टेंबरात माझा इंजिनिअरिंगचा रूममेट पुण्याहून येतोय. तो येरवड्याला पूना क्लबच्या कोर्सवर गोल्फ खेळतो, मी इथे शिकागोच्या उपनगरात. हँडिकॅप दोघांचाही 22 च्या आसपास, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण तेवढे जास्त लागतात. त्याच्या डोक्यात एकच ठिकाण बसलंय: विस्कॉन्सिनमधलं व्हिसलिंग स्ट्रेट्स गोल्फ कोर्स. कारण काय, तर 2015 च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये अनिर्बान लाहिरी तिथे बरोबरीत पाचवा आला होता, आणि लाहिरीचा जन्म पुण्याचा! त्याआधी पुरुषांच्या मेजरमध्ये (गोल्फच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धांत) एवढ्या वर कुणी भारतीय गेला नव्हता, हे तो मला दर फोनला ऐकवतो.

माझ्या घरून तीन तासांची ड्राइव्ह आहे, त्याचं काही नाही. पण फी माणशी 500 डॉलरच्या वर, शिवाय कॅडी (बॅग उचलणारा, वाट सांगणारा माणूस). एवढे पैसे घालून नुसती फजिती होणार असेल तर मी त्याला दुसरीकडे वळवतो. गड्याचे गुडघेही अधूनमधून कुरकुरतात. कुणी खेळलंय का तिथे?

काटकसरी_काका

दोघांचे मिळून हजाराच्या वर! तेवढ्यात मित्राला यलोस्टोन दाखवा. आणि गोल्फच खेळायचं तर त्याच आवारात आयरिश कोर्स आहे. डिझायनर तोच, पीट डाय. फी कमी, वर फिरायला कार्ट (छोटी गाडी) मिळते. घरी गेल्यावर तो सांगणार व्हिसलिंग स्ट्रेट्सला खेळलो म्हणून, आणि ते खोटंही नाही.

पाटलीणबाई, मिलवॉकी

मी खेळलेय, माझ्या सांगलीच्या हॉस्टेलमधल्या मैत्रिणीबरोबर. काका, आयरिश चांगला आहे, पण तो आतल्या बाजूला. मिशिगन तळ्याला लागून आहे तो स्ट्रेट्स कोर्स. माणूस पुण्याहून येतोय तो त्या काठासाठी.

आधी गुडघ्यांचं बघा. स्ट्रेट्सवर कार्ट नाही. चालायचंच, आणि कॅडी घ्यावाच लागतो. जवळजवळ पाच तास वाळूच्या टेकाडांवरून चढ-उतार. मित्र पर्वती न थांबता चढत असेल तर निघा, नसेल तर काकांचं ऐका.

मजा म्हणजे ती टेकाडं निसर्गाची नाहीत. तिथे पूर्वी लष्कराचा विमानविरोधी तोफांच्या सरावाचा तळ होता, सगळी सपाट जमीन. ज्यांचे नळ आणि कमोड आता आपल्याकडच्या फ्लॅटांत बसतात त्या कोहलर कंपनीच्या हर्ब कोहलरनी पीट डायला बोलावलं आणि त्याने हजारो ट्रक वाळू ओतून विस्कॉन्सिनमध्ये आयर्लंडचा किनारा उभा केला. 1998 ला कोर्स सुरू झाला. वर काळ्या तोंडाच्या स्कॉटिश मेंढ्या सोडल्यात. माझ्या मैत्रिणीने बॉलपेक्षा मेंढ्यांचे फोटो जास्त काढले.

आता अवघड म्हणजे किती. पीजीएला हा कोर्स 7,500 यार्डांचा लावतात. तुम्हाला त्याच्याशी काय करायचंय? टी म्हणजे होलचा, त्या एकेका टप्प्याचा, पहिला फटका मारायची जागा; ग्रीनला जवळच्या, पुढच्या टीवरून खेळा, कॅडी सांगेल त्याच्याही एक पुढे (ग्रीन म्हणजे खड्ड्याभोवतीची गुळगुळीत हिरवळ). त्यात कमीपणा वाटत असेल तर पहिले दोन होल मागून खेळा, तिसऱ्याला आपोआप पुढे जाल.

खरा घोळ तळ्याच्या बाजूचा आहे. आम्ही उजव्या हाताने खेळणाऱ्या, तेव्हा तसंच सांगते. मिशिगन पूर्वेला. दक्षिणेकडे जाणाऱ्या होलवर पाणी डावीकडे येतं: 3, 4, 16, 17. उत्तरेकडे परतताना उजवीकडे: 7, 8, 12, 13. चारही पार-3 (तीन फटक्यांत संपवायचे छोटे होल) म्हणजे 3, 7, 12 आणि 17 काठावर, कडेला फारशी दयामाया नाही. मला स्लाइसची सवय, बॉल उजवीकडे वळतो, म्हणून माझे बॉल सातव्याला आणि बाराव्याला बुडाले. मैत्रीण हुक मारते, तिचा डावीकडे वळतो, तिने तिसऱ्यावर आणि सतराव्यावर तळ्याला दक्षिणा दिली. तुम्हा दोघांचे बॉल कुठे वळतात ते आधी प्रामाणिकपणे एकमेकांना सांगा आणि त्या त्या होलवर जमिनीच्या बाजूला मारा. ग्रीन चुकली तर चुकली.

सतरावा तर छळच. डावीकडे ग्रीनच्या खाली उतार थेट पाण्याकडे, उजवीकडून पुढे आलेलं टेकाड अर्धी ग्रीन झाकतं. 2021 च्या रायडर कपमध्ये (अमेरिका विरुद्ध युरोप) जॉर्डन स्पीथ आणि जस्टिन थॉमस या जोडीचा बॉल त्या उतारावर अडकला होता. स्पीथने तो जवळजवळ सरळ आभाळात मारून वर ग्रीनवर काढला, आणि स्वतः तोल सावरत खाली पाण्याच्या दिशेने धावत सुटला. मग थॉमसचा पट (ग्रीनवरचा हलका फटका) हुकला आणि मॅच तिथेच गेली. (कप अमेरिकेनेच घेतला, 19-9.) आम्ही त्या जागी उभ्या राहून बघितलं. मी म्हटलं, बाई, माझा बॉल इथे पडला तर मी त्याला नमस्कार करून पुढे जाईन.

बंकरचं, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांचं, एक ऐका. हजाराच्या आसपास आहेत, कित्येक नुसते लोकांनी तुडवलेल्या वाळूसारखे दिसतात. 2010 च्या पीजीएत डस्टिन जॉन्सन शेवटच्या होलवर एका शॉटने पुढे होता. बॉल उजवीकडे प्रेक्षकांच्या गर्दीत वाळूत गेला. त्याला तो बंकर वाटलाच नाही, त्याने क्लब (काठी) जमिनीला टेकवला, जे बंकरात चालत नाही. दोन शॉटचा दंड, बरोबरी फोडायचा प्लेऑफ हुकला, आणि मार्टिन कायमरने बबा वॉटसनला हरवून कप नेला. तेव्हा पायाखाली वाळू दिसली की बंकर समजा आणि क्लब हवेत ठेवा. वाद घालायला कॅडी आहेच.

आणि स्कोअर मोजू नका. दोघांत मॅचप्ले लावा, होलमागे हिशेब. एका होलवर नऊ झाले तरी एकच होल जातो आणि पुढच्या टीवर माणूस हसत उभा राहतो. आमच्या दोघींची मॅच सोळाव्यापर्यंत बरोबरीत होती. कार्डावर आकडे लिहीत बसलो असतो तर आठव्यालाच तोंडं वाकडी झाली असती.

सप्टेंबर चांगला निवडलात. मे-जूनमध्ये तळ्याचं पाणी बर्फासारखं गार असतं आणि दुपारी जमीन तापली की तिकडून वारा येतो. आत गावात लोक टी-शर्टवर, काठावर तुम्ही कुडकुडताय. सप्टेंबरात पाणी उन्हाळाभर तापलेलं असतं. तरी विंडचीटर ठेवाच.

काटकसरी_काका

एवढं वाचून मलाच जावंसं वाटायला लागलं, हे बरोबर नाही. पण पैशांचा मुद्दा मी सोडलेला नाही.

नेपरविलकर

पाटलीणबाई, तुमचं सगळं त्याला वाचून दाखवलं. पर्वतीचं ऐकून म्हणाला, उद्यापासून रोज जातो. तो स्लाइसवाला, मी हुकवाला, म्हणजे चारही पार-3 वर कुणीतरी बुडणारच.

दोन शंका. आदल्या दिवशी राहावं का? आणि तो शाकाहारी आहे, तिथे खायचं काय?

पाटलीणबाई, मिलवॉकी

तीन तास गाडी चालवून थेट पहिल्या टीवर उभे राहू नका, पाठ धरते. आदल्या रात्री शेबॉयगनला साध्या मोटेलात राहा. कोहलरच्या रिसॉर्टमध्ये राहिलं तर टी-टाइम (खेळ सुरू करायची वेळ) आधी धरता येतो, पण मग काका तुमच्याशी बोलणार नाहीत. दुसरा दिवस हाताशी असेल आणि गुडघे शाबूत असतील तर आयरिशवर कार्ट घेऊन निवांत फिरा.

शेबॉयगन हे ब्राटवुर्स्टचं गाव, म्हणजे तुमच्या मित्राच्या कामाचं नाही. चीज कर्ड्स मात्र कुठेही मिळतात, ताजे असले की दाताखाली करकरतात, ते खाऊ दे त्याला. मधल्या वेळेला बॅगेत दशम्या आणि चटणी ठेवा, तेरावा होल झाल्यावर भूक लागते.

कॅडीची टिप रोख लागते. ते पैसे घरूनच काढून ठेवा, आणि जुने बॉल भरपूर घ्या.