काळा घोड्याला पुढे काय लावायचं, आणि ठरवायचं कोणी?

रेघोट्या
गप्पांच्या धाग्यावर काल फोर्टातला_जुना यांनी पिंक टाकली: "राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या मुंबईतल्या, काळा घोड्याच्या शाखेनं यापुढे इन्स्टॉलेशन (वस्तूंची मांडणी), व्हिडिओ वगैरे थेरं बंद करावीत. धुरंधर, हळदणकर असे जुने, हुबेहूब काढणारे चित्रकार लावा, बघा कशी रांग लागते. बाकीचं आमचा पाचवीतला नातूही करतो." वाचून सोडून देणार होते. नाही जमलं.

जुनेकाका, धुरंधर लावले होते की! २०१८ साली, याच इमारतीत. मी गेले त्या दुपारी वरच्या मजल्यावर माझ्याखेरीज एक कॉलेजातलं जोडपं होतं, आणि ते काही धुरंधरांसाठी आलेलं नव्हतं. पुढच्या वर्षी तिथेच चित्रकार प्रभाकर बरवे लागले. घड्याळं, किल्ल्या, पिना. तुमच्या हिशेबानं थेरंच. पण अलिबागजवळच्या नागावचा माणूस, डायऱ्या मराठीत लिहिणारा, आणि त्या डायऱ्याही मांडल्या होत्या. माझ्या शेजारची बाई वाकून ओळ न् ओळ पुटपुटत वाचत होती. चित्रांकडे वळली ती त्यानंतर, आणि मग तासभर हलली नाही.

आणि काय लावायचं यावर आपण इथे डोकी फोडून उपयोग काय? त्याच बरव्यांच्या उद्घाटनाला, फेब्रुवारी २०१९ मध्ये, अमोल पालेकर बोलायला उभे राहिले. संग्रहालयाच्या मुंबई-बंगळुरू शाखांमधल्या स्थानिक चित्रकारांच्या सल्लागार समित्या मोडीत काढून ठरवण्याचं काम दिल्लीकडे गेल्याचा विषय त्यांनी काढला, तर भर भाषणात त्यांना अडवून बरव्यांपुरतंच बोलायला सांगितलं. तेव्हा धुरंधर हवेत की व्हिडिओ, हा अर्ज इथे कशाला करता? दिल्लीला करा.

फोर्टातला_जुना
'थेरं' हा शब्द माझा, मागे घेणार नाही. बरव्यांना मी थेरं म्हटलेलं नाही, ते तुम्ही माझ्या तोंडी घातलंत. संग्रहालयाची ती इमारत मी सी. जे. हॉल, म्हणजे कावसजी जहांगीर हॉल, म्हणून ओळखतो. १९९६ ला संग्रहालय झालं तेव्हापासून त्या अर्धगोल मजल्यांवरून घुमटापर्यंत चढतोय, त्यामुळे मला काही बघायची सवय नाही असं समजू नका.

एका ठिकाणचा किस्सा सांगतो, नाव घेत नाही. भिंतीवर हेडफोन टांगलेला. घातला. काहीच ऐकू येईना. शांतता हीच कलाकृती असावी म्हणून दहा मिनिटं डोळे मिटून उभा राहिलो. मग एक पोरगा आला, "काका, एक मिनिट" म्हणाला आणि प्लग लावला. बोला आता.

नाशिकची_द्राक्षं
प्लग लावल्यावर काय ऐकू आलं?

फोर्टातला_जुना
पाणी ठिबकल्याचा आवाज. तो घरी नळाला फुकट मिळतो.

खडूपेटी_सर
जुनेसाहेब, नातू पाचवीत ना? त्याच्या शाळेत चित्रकलेला स्वतंत्र शिक्षक आहे का, तेवढं विचारून या. मी निवृत्त झालो, माझी जागा भरलीच नाही. तो तास आता गणिताच्या बाई घेतात, म्हणजे गणितच घेतात. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांना पोरं अजून बसतात, पण कशासाठी? दहावीच्या वाढीव गुणांसाठी. निकाल लागला की रंगपेटी माळ्यावर. ही पोरं उद्या काळा घोड्याला जातील? संग्रहालयात कोणी येत नाही म्हणून गळे काढताय, माणसं घडतात कुठे ते बघा आधी.

कोकमकढी
सर, एलिमेंटरीचं नाव काढू नका! स्मरणचित्राला 'बसस्टॉपवरील दृश्य' आलं होतं. आमच्या वर्गाची पद्धत ठरलेली: सगळी माणसं पाठमोरी, म्हणजे चेहरे काढायला नकोत. आणि पावलं जमत नाहीत म्हणून पुढे एक झुडूप. बसस्टॉपवर झुडूप! ब श्रेणी मिळाली.

नाशिकची_द्राक्षं
आमच्याकडे झुडपाऐवजी विहिरीचा कठडा. बाजाराचं दृश्य असलं तरी कठडा.

खडूपेटी_सर
हसा. कठडे आणि झुडपं क्लासवाल्यांनी शिकवली. चार सांगाडे पाठ करून घ्यायचे, कुठलाही विषय आला तरी तेच उतरवायचे. शाळेत आम्ही मुलांना एसटी स्टँडवर नेऊन बसवायचो, अर्धा तास नुसतं बघा म्हणायचो.

कोकमकढी
पण सर, क्लास तर तुम्हीही घेता. मागे एका धाग्यावर तुम्हीच लिहिलं होतंत.

खडूपेटी_सर
घेतो. आधी पगार सात-सात महिने होत नव्हता तेव्हापासून घेतो. विनाअनुदानित म्हणजे काय ते माहीत आहे का तुम्हाला? कोकमकढी पिऊन टायपिंग करणं सोपं असतं.

रेघोट्या
अहो, धागा संग्रहालयाचा आहे!! कोणी तरी मूळ मुद्द्यावर या.

चिनी_जाळं
येतो. नोकरीमुळे चार वर्षं केरळात, फोर्ट कोचीत राहतोय. २०१२ ला इथलं बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन, ज्यांनी उभं केलं ते चित्रकार बोस कृष्णमाचारी आणि रियाज कोमू, दोघेही आपल्या मुंबईच्या जे.जे. कलाशाळेतून शिकलेले. त्यांना हे कोचीत सुचलं आणि जमलं, मुंबईत का नाही? इथे जुन्या गोदामांत कामं मांडतात. मसाल्याचा वास असलेल्या खोलीत व्हिडिओ बघायचा. माझा रिक्षावाला मला सांगतो यंदा कुठल्या गोदामात बघण्यासारखं आहे, आणि कुठे उगाच पाय दुखवायचे नाहीत.

फोर्टातला_जुना
२०२२ ला उद्घाटन ऐनवेळी ११ दिवस पुढे ढकललं, तेव्हा रिक्षावाल्यानं काय दाखवलं? रिकामी गोदामं?

चिनी_जाळं
हो, झाला होता घोळ. नाकारत नाही. इथले जुने लोक सांगतात, तेव्हा रिक्षावाले पण वैतागले होते. काळा घोड्याला प्रदर्शन पुढे ढकललं तर एक तरी टॅक्सीवाला वैतागेल का?

सातारी_कंदी
मुंबईकरांनो, जरा घाट चढून या. सातारा जिल्ह्यातल्या औंधला तिथले राजे पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली संग्रहालय बांधलं. रविवर्मा आहेतच, पण तिथे हेन्री मूरचं दगडातलं 'आई आणि मूल'ही आहे. हो, तोच इंग्लंडचा शिल्पकार मूर. आमचे आजोबा यमाईच्या देवळाला गेले की वाटेत तिथे डोकवायचे. शेतकरी माणूस, सही करण्यापुरतं शिकलेला. मूरसमोर म्हणायचे, "बाई काय धड ओळखू येत न्हाई, पण पोराला घट्ट धरलंय." भिंतीवर चार परिच्छेद चिकटवून कोणी त्यांना ते समजावलं नव्हतं.

त्यामुळे जुनेकाका, लोकांना हे कळत नाही हे मला पटत नाही. आणि रेघोट्याताई, ते औंध कुठल्या समितीनं ठरवलं नव्हतं, एका राजाच्या आवडीनं झालं. तुमची स्थानिक समिती आली की सगळं छान होईल, हेही जरा जास्तच आहे. समितीत तरी कोण असतं? एकमेकांचे मित्र.

रेघोट्या
मित्र असू देत. भांडायला फोर्टात तर सापडतील. औंधचं मात्र मान्य, मी गेलेली नाही. लाज वाटली.

फोर्टातला_जुना
मी गेलोय. रविवर्मा बघून खाली उतरलो, मूर राहिला. परत जाईन. यात मी हरलो असं कोणी समजू नये, हेडफोनवाल्यांना माफी नाहीच.

आणि सर, शाळेत विचारलं. चित्रकलेचा तास शुक्रवारी शेवटचा, पीटीला जोडून, आणि त्यात पोरं दप्तर भरून बसलेली असतात. आम्ही डोंबिवलीत. तुमचा क्लास कुठे असतो?

खडूपेटी_सर
डोंबिवलीतच. शनिवारी चार ते सहा. येताना नातवाला स्टेशनवर दहा मिनिटं उभं करा आणि नुसतं बघायला सांगा. पाठमोरी माणसं मी काढू देत नाही.

कोकमकढी
झुडूप?