कोर्ट रिपोर्टिंगचे प्रशिक्षण: वेग १४० वर अडकला आहे

प्रश्न:
स्टेनोटाइप या लघुलेखनाच्या यंत्रावर कोर्ट रिपोर्टिंग, म्हणजे न्यायालयातील बोलणे शब्दशः टिपून घेणे, शिकू लागून मला दीड वर्ष झाले. थिअरी (कोणत्या ध्वनीसाठी कोणत्या कळा दाबायच्या याचे नियम) पूर्ण झाली आहे, परंतु माझा वेग गेले चार महिने मिनिटाला १४० शब्दांवर अडकला आहे आणि त्याहून जलद डिक्टेशन सुरू झाले की तिसऱ्याच मिनिटाला बोटे मागे पडतात. अमेरिकेतील आरपीआर या कोर्ट रिपोर्टरच्या व्यावसायिक परीक्षेत साक्षीचा उतारा २२५ शब्दांच्या वेगाने सलग पाच मिनिटे घ्यावा लागतो, हे आठवले की धीर खचतो. मी अधिक जलद डिक्टेशनचा सराव वाढवावा की मागे जाऊन पाया पक्का करावा? पुढे न्यायालयाकडे वळावे की थेट कॅप्शनिंगकडे (बोलणे त्याच क्षणी पडद्यावर मजकूर म्हणून दाखवण्याच्या कामाकडे), हेही ठरत नाही.

प्रतिसाद १:
असे अडकणे या शिक्षणाचाच भाग आहे; मी स्वतः १६० वर अर्धे वर्ष काढले. आपण शब्द अक्षराअक्षराने टंकत नाही, अनेक कळा एकदम दाबून ध्वनी उमटवतो, त्यामुळे उशीर बोटांत नसून बहुधा कळांची जुळणी आठवण्यात होतो. ‘डॉग’ हा शब्द घ्या. डाव्या बाजूला ‘डी’ची स्वतंत्र कळ नाही, म्हणून डावी अनामिका ‘टी’ आणि ‘के’ यांच्या मधल्या फटीवर, डावा अंगठा ‘ओ’वर आणि उजवी अनामिका ‘जी’वर, असे तिन्ही एकाच क्षणी पडले पाहिजेत. इथे क्षणभर विचार करावा लागला तरी पुढचे दोन शब्द निसटतात. म्हणून रोज थोडा वेळ आपल्या वेगापेक्षा वीस शब्द जलद सराव करावा, पण त्यानंतर १२० वर उतरून अगदी स्वच्छ लिहावे आणि आपले स्ट्रोक (एका वेळी एकत्र दाबलेल्या कळांची नोंद) पुन्हा वाचावेत. वाचण्याचा कंटाळा करू नका, कारण चूक नेमकी कुठे होते हे तिथेच दिसते. परीक्षेत ९५ टक्के अचूकता पुरते, म्हणजे ११२५ शब्दांत सुमारे ५६ चुका चालतात. एखादा शब्द सुटला तर तो सोडून पुढे जाण्याची सवय आतापासूनच लावून घ्या.

प्रतिसाद २:
मी कॅप्शनिंग करते, म्हणून दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहिते. न्यायालयात शब्द ऐकू आला नाही तर रिपोर्टर बोलणाऱ्याला थांबवून तो पुन्हा विचारू शकतो आणि अंतिम प्रत नंतर तपासून देतो. थेट कॅप्शनमध्ये मात्र आपला स्ट्रोक दोन-तीन सेकंदांत वाचकासमोर असतो, आणि वर्गात बसलेल्या कर्णबधिर विद्यार्थ्याला त्या क्षणी दुसरा आधार नसतो. त्यामुळे माझा निम्मा अभ्यास आदल्या दिवशीच होतो: व्याख्यानातील विशेषनामे आणि पारिभाषिक शब्द मी सॉफ्टवेअरच्या शब्दकोशात आधीच भरून ठेवते, कारण शब्दकोशात नसलेला शब्द पडद्यावर अर्थहीन तुकडे होऊन उमटतो. ही तयारी आवडत असेल तर अवश्य या, पण शब्दकोश आजपासूनच वाढवा. न्यायालयातही तो तितकाच उपयोगी पडेल.

प्रश्नकर्तीचे उत्तर:
दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री मागील आठवड्याचे स्ट्रोक वाचून पाहिले, तेव्हा जवळजवळ प्रत्येक वेळी माझी लय संख्या आणि तारखा आल्यावरच तुटलेली आढळली. या आठवड्यात केवळ त्यांचाच सराव १२० च्या वेगाने करणार आहे.