सात आसनांची गाडी शेवटच्या रांगेतून पारखावी

बी-२०३ : नमस्कार. घरात आम्ही सहाजण असल्यामुळे तीन रांगांची एसयूव्ही घेण्याचा विचार आहे. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी सोयी, आराम आणि उणिवा सविस्तर सांगाव्यात, ही विनंती.

ए-६०१ : ताई, आम्ही अशी गाडी चार वर्षे वापरत आहोत. शोरूममध्ये सगळेजण स्टिअरिंगमागे बसून पाहतात. ही गाडी मात्र शेवटच्या रांगेत बसूनच पारखावी, असे माझे ठाम मत आहे. बऱ्याच गाड्यांत तिथला तळ उंच आणि आसन बुटके असते, त्यामुळे गुडघे वर येतात, मांड्या अधांतरी राहतात आणि सगळा भार कमरेवर पडतो. ही रांग मागच्या चाकांच्या जवळपास वरच येत असल्याने खड्ड्यांचे दणकेही तिथे जास्त बसतात. आईला पहिल्याच प्रवासात तिथे बसवले होते; तासाभरात तिचे पाय इतके आखडले की उतरताना तिला दोन्ही हातांनी दाराची चौकट धरावी लागली. तेव्हापासून ती मधल्या रांगेत बसते आणि मुले मागे.

बी-२०३ : मधल्या रांगेत सलग बाक घ्यावे की कॅप्टन सीट, म्हणजे दोन सुट्या खुर्च्या? आमचा धाकटा अजून चाइल्ड सीटवर बसतो.

ए-६०१ : तुम्ही सहाजण आहात, तेव्हा कॅप्टन सीट घ्याव्यात. एक आसन कमी होते, पण दोन्ही सीटच्या मधून थेट मागे जाता येते. सलग बाक असले की मागे जाण्यासाठी ते दुमडावे किंवा सरकवावे लागते, आणि आयसोफिक्सला (चाइल्ड सीट अडकवण्यासाठी गाडीच्या आसनातच दिलेल्या कड्यांना) चाइल्ड सीट अडकवलेली असेल तर ती बाजू बहुधा दुमडताच येत नाही.

सी-१०४ : सामानाचे काय?

ए-६०१ : ही सर्वांत मोठी उणीव आहे. तिसरी रांग उभी असताना डिकीत जेमतेम दोन लहान बॅगा मावतात. टपावर सामान लादले की गाडीचा गुरुत्वमध्य आणखी वर जातो आणि वळणावर ती अधिक कलते. वजनाचाही हिशेब करावा : सरासरी ६५ किलोची सात माणसे म्हणजे ४५५ किलो, आणि त्यात एकही बॅग धरलेली नाही. गाडीला किती भार चालतो हे पुस्तिकेत पाहावे आणि भरल्या गाडीसाठी टायरमध्ये किती हवा सांगितली आहे तेही वाचावे. बहुतेक गाड्यांत हवेच्या दाबाचा तक्ता चालकाच्या दाराच्या चौकटीवर असतो.

सनरूफ, मोठा स्क्रीन यांपेक्षा मागे बसणाऱ्यांची सुरक्षितता मला महत्त्वाची वाटते. कर्टन एअरबॅग (अपघातात खिडक्यांवर पडद्यासारख्या फुगणाऱ्या हवेच्या पिशव्या) तिसऱ्या रांगेपर्यंत पोहोचतात का, तिथे प्रत्येकाला तीन-बिंदू पट्टा (खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा) आणि हेडरेस्ट आहे का, हे नीट विचारून घ्यावे, कारण मुले तिथेच बसणार आहेत. मागे एसीचे झरोके आणि पंख्याचे वेगळे नियंत्रणही हवे.

बी-२०३ : मनापासून आभार. रविवारी टेस्ट ड्राइव्हला सासूबाईंनाही नेते.

ए-६०१ : अवश्य न्या, आणि चाइल्ड सीटही सोबत असू द्या. ती बसवल्यानंतर कोणी मागे सहज जाऊ शकते का, ते तिथेच करून पाहा.