'मूळ संख्या' यातलं 'मूळ' नेमकं कोणतं?

प्रश्न: भाची कोथरूडला इंग्रजी माध्यमात आठवीत शिकते. तिला ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर झालेल्या प्रचंड प्राइम नंबरबद्दल सांगत होतो: 2 चा 136279841 वा घात, वजा 1. अंक 4 कोटी 10 लाख 24 हजार 320. मी 'मूळ संख्या' म्हटल्यावर तिने विचारलं, "मामा, मूळ म्हणजे रूट ना? वर्गमुळातलं?" मला धड सांगता आलं नाही. त्यापेक्षा हिंदीतला 'अभाज्य' बरा नाही का?

उत्तर: शंका रास्त आहे, पण दोन्ही शब्द चालवून बघा. 'वर्गमूळ' यातलं मूळ नाम आहे, म्हणून त्याचं सामान्यरूप होतं: वर्गमुळाचा, वर्गमुळात. 'मूळ संख्या' यातलं मूळ विशेषण आहे, 'मूळ गाव', 'मूळ रक्कम' यांतल्यासारखं. ते बदलत नाही: मूळ संख्येचा, मूळ संख्यांना. अर्थ असा की जी दुसऱ्या लहान संख्यांच्या गुणाकारातून आलेली नाही, ती. बाकीच्या सगळ्या हिच्यातून येतात. 60 म्हणजे 2×2×3×5. क्रम बदला, पण दुसरे मूळ अवयव मिळणार नाहीत. 'प्राइम'च्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थही 'पहिला' असाच आहे.

'अभाज्य'ने एवढंच कळतं की भाग जात नाही. मग 1 चं काय? तिलाही दुसऱ्या कशाने भाग जात नाही, तरी ती मूळ नाही. तिला मूळ मानलं तर 60 च्या अवयवांत हवे तितके 1 घुसवता येतील आणि अवयवांचा एकमेवपणा जाईल. माझं मत 'मूळ'लाच.

आणखी एक उत्तर: वरचं पटलं, पण 'सहमूळ' (1 सोडून दुसरा सामाईक विभाजक नसलेल्या संख्या) हा शब्द मला वर्गात शिकवताना फार त्रास देतो. 8 आणि 9 सहमूळ आहेत, मूळ मात्र दोन्हीही नाहीत. मुलं दर वर्षी इथेच अडतात. भास्कराचार्यांच्या लीलावतीत कुट्टकाच्या (पूर्णांकी उत्तरं काढायच्या समीकरणांच्या) प्रकरणात भाज्य आणि हार (भाजक) यांना त्यांच्या सर्वात मोठ्या सामाईक विभाजकाने भागून जे उरतात, त्यांना 'दृढ' अशी संज्ञा आहे. इतका नेमका शब्द घरात असताना आपण तो का सोडला, याचं मला खरंच वाईट वाटतं.

अजून एक. त्या प्रचंड संख्येला 'सर्वात मोठी मूळ संख्या' म्हणू नका. 'ज्ञात असलेली सर्वात मोठी' म्हणा. मूळ संख्या संपत नाहीत, हे युक्लिडने केव्हाच सिद्ध केलंय. आणि भाचीला हेही सांगा: 2 चा घात वजा 1 मूळ यायला घातांक मूळ लागतोच, पण तेवढ्याने भागत नाही. 11 मूळ आहे, तरी 2 चा 11 वा घात वजा 1 म्हणजे 2047, आणि ते 23×89.

प्रश्नकर्ता: दोघांचेही आभार. 'मूळ गाव' म्हटल्यावर तिला लगेच कळलं. मग वहीत 2 च्या घातांचे 2, 4, 8, 6 हे शेवटचे अंक पुन्हा पुन्हा येतात हे तिने पाहिलं, घातांकाला 4 ने भागलं, बाकी 1 उरली. म्हणजे त्या घाताचा शेवटचा अंक 2, आणि वजा 1 केल्यावर त्या चार कोटी अंकी संख्येच्या शेवटी 1.