मॅक बदलून कुणी गायब होत नाही

पार्क_चौक:
सोलापुरातल्या अभ्यासिकांच्या ग्रुपांवर सध्या एक पोस्ट फिरतेय. "वायफायवर अदृश्य व्हा, मालकालाही पत्ता लागणार नाही." उपाय चार: मॅक ॲड्रेस (यंत्राचा नेटवर्कवरचा ओळख-क्रमांक) बदला, फायरवॉलमधून पिंग ('आहेस का?' या हाकेला उत्तर) बंद करा, कॉम्प्युटरचं नाव बदला, इन्कॉग्निटो वापरा. हे वाचून पोरं बिनधास्त होतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

पिंग बंद केलं तरी एआरपीला, म्हणजे 'हा आयपी पत्ता कुणाकडे?' या नेटवर्कवरच्या प्रश्नाला, उत्तर द्यावंच लागतं. '१९२.१६८.१.३७ कुणाकडे?' असं राउटरनं विचारलं आणि तुमचं मशीन गप्प बसलं, तर तुम्हाला नेटच मिळणार नाही. विंडोजची फायरवॉल एआरपी अडवत नाही. त्यामुळे २५४ पत्त्यांचं एआरपी स्कॅन काही सेकंदांत होतं आणि त्यात तुम्ही असताच.

मॅकचं म्हणाल तर अँड्रॉइड १० पासून (२०१९) आणि आयओएस १४ पासून (२०२०) फोन स्वतःच बनावट मॅक देतो. पण बहुतेक वेळा एका वायफायला तोच मॅक कायम राहतो. म्हणजे अभ्यासिकेच्या राउटरला तुम्ही रोज तेच दिसता. मॅकमधला दुसरा आकडा २, ६, ए किंवा ई असला की तो बनावट आहे हे कुणीही ओळखतो. विंडोजमध्ये हा पर्याय मुळात बंद असतो. सेटिंग्ज, नेटवर्क, वायफाय, मग 'रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस' चालू करावं लागतं. आणि मॅक बदलून कॉम्प्युटरचं नाव तेच ठेवलं तर सगळं फुकट, कारण राउटरकडे आयपी पत्ता मागताना (या पत्तेवाटपाला डीएचसीपी म्हणतात) लॅपटॉप स्वतःचं नाव सांगूनच मागतो.

इन्कॉग्निटो फक्त तुमच्या मशीनमध्ये हिस्ट्री राहू देत नाही. वायरीवर काय जातं त्याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

जुळे_सोलापूर_अभ्यासिका:
बरं झालं कुणीतरी बोललं. पण मुळात पोरांनी लपायचं कशाला ओ? अभ्यासाला येतात ना? आमचा त्रास कुणी विचारत नाही. राउटरमध्ये वाटायला १०० ते १९९ एवढेच पत्ते दिलेत. कुणी ना कुणी मॅक बदलत बसतं आणि प्रत्येक नव्या मॅकला राउटर नवा पत्ता देतो. दुपारी चारपर्यंत शंभरच्या शंभर पत्ते संपतात, मग नवीन येणाऱ्याच्या लॅपटॉपवर १६९.२५४ चा पत्ता (राउटरनं दिला नाही की लॅपटॉप स्वतःच घेतो तो, त्यावर नेट चालत नाही) दिसतो आणि तो काउंटरवर येऊन भांडतो. शिवाय उद्या पोलीस आले तर उत्तर कुणी द्यायचं? २०११ चे सायबर कॅफेचे नियम आहेत, नोंदवही वर्षभर जपावी लागते.

अशोक_चौक_केबलिंग:
साहेब, शंभर पत्ते आणि लीज (एक पत्ता एका यंत्रासाठी किती वेळ अडवायचा ती मुदत) चोवीस तास ठेवता आणि दोष पोरांना देता? तीन शिफ्टमध्ये दीडशे जण येत असतील तर मॅक न बदलतासुद्धा पत्ते संपणारच, कारण प्रत्येकाजवळ फोन आणि लॅपटॉप दोन्ही असतात. लीज दोन तासांवर आणा. वाटायचे पत्ते २ पासून २५४ पर्यंत वाढवा. तेवढ्यानं भागलं नाही तर सबनेट मास्क (नेटवर्क किती मोठं ते ठरवणारा आकडा) २५५.२५५.२५४.० करा, ५१० पत्ते मिळतात. दहा मिनिटांचं काम आहे.

त्याहून महत्त्वाचं, तुमचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) कुठल्या नेटवर्कवर आहे? शहरातल्या बऱ्याच अभ्यासिकांत, नव्या पेठेतल्या दुकानांत, चादरीच्या शोरूममध्ये हेच असतं. गिऱ्हाइकाचं वायफाय आणि कॅमेऱ्याचा डीव्हीआर एकाच स्विचवर, पासवर्ड बसवणाऱ्यानं ठेवलेला. स्कॅन केलं की ५५४ पोर्ट, म्हणजे कॅमेऱ्याचा व्हिडिओ मिळायचा दरवाजा, उघडा दिसतो. पोरं दिसतात की नाही यावर इथं भांडण चाललंय आणि पोरांचे चेहरे कुणालाही बघता येतायत.

जुळे_सोलापूर_अभ्यासिका:
आमच्याकडे दोन राउटर आहेत. नेट देणाऱ्या कंपनीचा पहिला, त्याला डीव्हीआर. मुलांसाठी त्याच्यामागे दुसरा. वेगळंच आहे सगळं.

अशोक_चौक_केबलिंग:
उलटं बसवलंय! आतल्या राउटरमागचं मशीन बाहेरच्या नेटवर्कवर सहज जातं, त्याला तोच बाहेरचा रस्ता वाटतो. तुमच्या मुलांना डीव्हीआर दिसतो. बाहेरच्याला आत येता येत नाही, म्हणून जपायची वस्तू आतल्या राउटरमागे असायला हवी. डीव्हीआर आत, मुलं बाहेर.

विजापूर_रोड:
हाही अर्धाच सल्ला झाला. मुलं बाहेरच्या राउटरवर ठेवली तर ऑफिसचा सगळा ट्रॅफिक त्यांच्याच नेटवर्कमधून जाणार. एखाद्यानं एआरपी स्पूफ केलं, म्हणजे एआरपीला खोटं उत्तर दिलं, की आतल्या राउटरचा ट्रॅफिक त्याच्या लॅपटॉपवरून फिरतो. राउटर तीन लागतात. कंपनीच्या राउटरला दुसरं काहीच जोडायचं नाही, त्याचं वायफाय बंद. त्याच्या एका पोर्टमधून मुलांचा राउटर, दुसऱ्यातून ऑफिसचा. दोन्हीकडे वायर वॅन (बाहेरून नेट येणाऱ्या) पोर्टलाच लावायची आणि सबनेट, म्हणजे पत्त्यांचे गट, वेगळे, समजा १९२.१६८.१० आणि १९२.१६८.२०. वायर चुकून लॅन (आतल्या यंत्रांच्या) पोर्टला लावली तर दोन डीएचसीपी एकमेकांत मिसळतात. अर्ध्या लोकांना नेट, अर्ध्यांना नाही, आणि कारण सापडत नाही. कंपनीच्या राउटरचा लॉगिन पासवर्ड मात्र बदला. मुलांच्या बाजूनं ते पान तरीही उघडतं.

अशोक_चौक_केबलिंग:
अहो, मालक एका राउटरला नाक मुरडतात, तुम्ही तीन सांगताय. एक मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) स्विच घ्या, व्हीलॅन करा, म्हणजे एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्कं, विषय संपला.

विजापूर_रोड:
आणि तो व्हीलॅन सांभाळणार कोण? कंपनीच्या राउटरला व्हीलॅन टॅग बहुधा कळत नाही, म्हणजे राउटरही नवा आला. लाइट गेली की पोरगं येऊन वायरी काढून दुसऱ्या पोर्टात घालतं आणि ऑफिसचं पोर्ट मुलांच्या हाती जातं. तीन साधे राउटर कुणीही परत जोडू शकतो.

अशोक_चौक_केबलिंग:
कुणीही वायरी ओढाव्यात असंच ठेवायचं असेल तर तुमचं बरोबर. पोर्टवर लेबल लावायला काय जातं?

सात_रस्ता:
डीव्हीआर, व्हीलॅन, सगळं वाचलं. मुलींनी लपायचं कशाला याचं उत्तर देते. शेजारच्या टेबलावरचा कुणीही फोनवर फुकटचं स्कॅनर ॲप टाकतो आणि पूर्ण हॉलची यादी बघतो. आयफोन स्वतःचं नाव एमडीएनएसवर (जवळची यंत्रं एकमेकांना नावानं शोधतात ती सोय) ओरडून सांगतो, म्हणजे बहुधा पहिलं नाव आणि 'चा आयफोन'. लॅपटॉपलाही कित्येकींनी स्वतःचं नाव दिलेलं असतं. एवढ्यावर इन्स्टाग्रामवर शोधून मेसेज करायला किती वेळ लागतो? तेव्हा 'अभ्यासाला येतात ना' हे आम्हाला सुनावू नका. लपायचं मालकापासून नाही, हॉलमधल्या माणसांपासून आहे. मूळ पोस्ट चुकीची असेल, पण ती वाचणाऱ्यांची गरज चुकीची नाही.

पार्क_चौक:
हे मान्य. मी पोस्टमधल्या दाव्यावर लिहिलं होतं, पण कुणापासून लपायचं ते आधी धरायलाच हवं होतं. शेजाऱ्यापासून बऱ्यापैकी लपता येतं. विंडोजमध्ये ते वायफाय 'पब्लिक' करा, नेटवर्क डिस्कव्हरी बंद होते. कॉम्प्युटरचं नाव सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउटमध्ये बदला, मशीन रीस्टार्ट करा. आयफोनचं नाव जनरल, अबाउटमध्ये. एअरड्रॉप आणि क्विक शेअर फक्त कॉन्टॅक्ट्सवर ठेवा. एअरड्रॉपचं 'एव्हरीवन' आता दहा मिनिटांनी बंद होतं, पण हॉलमध्ये तेवढेही नकोत.

मात्र खरं बटण मालकाकडे आहे. राउटरमध्ये एपी आयसोलेशन चालू केलं की वायफायवरची यंत्रं एकमेकांना दिसतच नाहीत. मग स्कॅनर ॲपमध्ये फक्त राउटर आणि स्वतःचा फोन.

मालकापासून लपायचं असेल तर व्हीपीएन, म्हणजे सगळा ट्रॅफिक कुलूपबंद करून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा. प्रायव्हेट डीएनएसनं साइटचं नाव विचारणं झाकतं, पण साइटशी कुलूपबंद जोडणी (टीएलएस) सुरू करतानाच्या पहिल्याच निरोपात, एसएनआय नावाच्या रकान्यात, ते नाव बहुधा उघडंच जातं. व्हीपीएननं तेही झाकतं. तरी किती वाजता, किती डेटा, एकाच पत्त्याकडे, एवढं राउटरला दिसतंच. आणि भारतात सेवा देणाऱ्या व्हीपीएनना सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानं ग्राहकाची माहिती पाच वर्षं ठेवावी लागते, म्हणून काही कंपन्यांनी इथले सर्व्हर काढून घेतले.

चिंचोळी_एमआयडीसी:
हे सगळं वायफायचं. कारखान्यातल्या वायरच्या लॅनवर असले प्रयोग करू नका. बऱ्याच ठिकाणी स्विचच्या 'पोर्ट सिक्युरिटी'त प्रत्येक पोर्टला पहिला दिसलेला मॅक चिकटवलेला असतो, वेगळा मॅक दिसला की पोर्ट बंद. मग आयटीवाल्याला बोलवा, कारण सांगा. तुमची वायर कुठल्या पोर्टात आहे हे स्विचला माहीत असतं, त्यामुळे मॅक कुठलाही लावा, तुमचं टेबल ओळखू येतंच. कंपनीच्या लॅपटॉपवर कंपनीचं सर्टिफिकेट आणि एजंट (नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) असेल तर व्हीपीएनही निरुपयोगी, बघणारा मशीनच्या आतच बसलाय.

सात_रस्ता:
सायबर कॅफेच्या नियमांचंही एकदा बोला. त्यात ओळखपत्र आणि नोंद ठेवायला सांगितलंय, ते मालकानं जपायचं. हॉलभर नावं दिसू द्यायला कुठं सांगितलंय?

जुळे_सोलापूर_अभ्यासिका:
अभ्यासिका सायबर कॅफे आहे की नाही यावरच वकील भांडतील, पण मी नोंदवही ठेवणारच, त्यात मागे हटणार नाही. ओळखपत्र काउंटरवर राहील, हॉलमध्ये नाव दिसायचं कारण नाही, एवढं मानतो. आयसोलेशन चालू केलं. लीज दोन तास केली. आता वायफायवरचा प्रिंटर कुणाच्याच लॅपटॉपवर येईना.

अशोक_चौक_केबलिंग:
येणारच नाही, प्रिंटरही वायफायवरच आहे. तो यूएसबीनं काउंटरच्या पीसीला जोडा, मुलांनी फाइल मेल करायची, प्रिंट काउंटरवरून काढायची. वायरनं राउटरला लावला तर काही राउटरवर दिसेल, काहींवर नाही. गेस्ट नेटवर्क असेल तर नाहीच. आणि डीव्हीआर?

जुळे_सोलापूर_अभ्यासिका:
तिसरा राउटर मागवलाय. पण मग मला घरून मोबाइलवर कॅमेरे दिसायचे बंद होतील ना?

विजापूर_रोड:
क्लाउडच्या ॲपमधून बघत असाल तर नाही होणार. डीव्हीआर स्वतःच बाहेर, तो बनवणाऱ्या कंपनीच्या क्लाउडला, जोडला जातो, मधे राउटर किती आहेत याचा फरक पडत नाही. जुन्या राउटरमध्ये कुणी डीव्हीआरसाठी पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून थेट आत यायचा रस्ता) करून ठेवलं असेल तर ते आधी काढा. आणि डीव्हीआरला आयपी राखून द्या, नाहीतर लाइट जाऊन आली की त्याचा पत्ता बदलू शकतो आणि काउंटरवरच्या स्क्रीनवर कॅमेरे दिसायचे बंद होतात.