मदत हवी आहे : शून्य कचरा दुकानातील काचेच्या बरण्या परत येण्यासाठी अनामत कशी ठेवावी?

नमस्कार.

मी वेष्टनाशिवाय सुटा माल विकणारे एक छोटे दुकान चालवते. कोरडा किराणा, खाद्यतेल, साबण आणि कपडे-भांडी धुण्याचे द्रावण असा माल आमच्याकडे असतो. ग्राहक स्वतःचा डबा घेऊन येतात, रिकाम्या डब्याचे वजन आधी नोंदवले जाते आणि पैसे फक्त मालाच्या वजनाचे घेतले जातात. ज्यांनी डबा आणलेला नसतो त्यांना दुकानाची काचेची बरणी अनामत घेऊन दिली जाते आणि ती परत केल्यावर अनामत पूर्ण परत मिळते. माझा प्रश्न या बरण्यांविषयी आहे, कारण त्या पुरेशा संख्येने परत येत नाहीत.

काही बरण्या गेल्या तर काय बिघडले, असे कोणालाही वाटेल. पण हिशेब मांडला की दुकानाच्या नावातल्या ‘शून्य कचरा’ या शब्दांवरच प्रश्नचिन्ह लागते. अर्धा लिटरच्या बरणीचे वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास भरते, तर तेवढाच माल मावणारी पातळ प्लास्टिकची पिशवी जेमतेम काही ग्रॅमची असते. काच वितळवणारी भट्टी सुमारे १५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते आणि पुढे प्रत्येक खेपेला ते वजन वाहूनही न्यावे लागते. म्हणून बरणी अनेक वेळा फिरली तरच ती पिशवीपेक्षा बरी ठरते. दर खेपेला १०० पैकी ८० बरण्या परत येत असतील तर एक बरणी सरासरी ५ वेळा वापरात येते, ९० आल्या तर १० वेळा आणि ९५ आल्या तर २० वेळा. म्हणजे शेवटच्या पाच-दहा बरण्यांवरच सगळा फरक पडतो. आमच्या वहीप्रमाणे हे प्रमाण ८०च्याही खाली आहे.

यावर अनामत वाढवा, असे उत्तर बहुतेक जण देतात. ते चूक नाही. सध्याची अनामत बाजारातल्या तशाच बरणीच्या किमतीपेक्षा कमी आहे आणि त्यामुळे ज्याला घरात बरणी हवी आहे त्याच्यासाठी आमचे दुकान हे स्वस्तात बरणी मिळण्याचे ठिकाण झाले आहे. परंतु आमचे निम्म्याहून अधिक ग्राहक रोजच्या कमाईवर घर चालवणाऱ्या कुटुंबांतले आहेत. ते एका वेळी थोडाच माल घेतात आणि दुकान सुरू करण्यामागे हाच माझा मुख्य हेतू होता. लहान पुडीतला माल वजनाच्या हिशेबाने पाहिला तर अनेकदा मोठ्या पाकिटापेक्षा महाग पडतो, आणि ज्याच्या हातात एकरकमी पैसा नसतो त्यालाच तो महाग भाव द्यावा लागतो. सुट्या विक्रीत पाव किलो घेणाऱ्याला आणि पाच किलो घेणाऱ्याला भाव एकच लागतो. अशा ग्राहकाकडे थोड्याशा तेलाबरोबर त्या तेलाहूनही जास्त रकमेची अनामत मागितली, तर तो पुन्हा पुडीकडे वळेल आणि त्यात त्याला दोष देता येणार नाही.

बरण्यांऐवजी कंपोस्टेबल, म्हणजे कुजून खत होणाऱ्या, पिशव्या वापरा, असे कृपया सुचवू नये. युरोपातील ईएन १३४३२ या मानकानुसार अशा पिशवीचे १२ आठवड्यांत बारीक तुकडे होणे आणि ६ महिन्यांत ९० टक्के जैविक विघटन होणे अपेक्षित असते. पण ही चाचणी औद्योगिक कंपोस्टिंगच्या परिस्थितीत होते, जिथे ढीग बराच काळ ५० अंशांच्या वर तापलेला राहतो. घरामागच्या खड्ड्यात किंवा गटारात ती परिस्थिती कधीच निर्माण होत नाही. शिवाय एकदा वापरून टाकायची ती टाकायचीच. प्लास्टिकचे जाड डबेही आम्ही वापरून पाहिले. ते हलके आहेत, पण तेलाचा वास धरून ठेवतात आणि घासून-घासून आतून चरे पडले की स्वच्छ निघत नाहीत.

अनामतीची रक्कम ग्राहकाला नकोशी वाटणार नाही आणि तरीही बरणी परत येईल, अशी काही रचना कोणी प्रत्यक्षात चालवली आहे का? दुसरा, लहान प्रश्न झाकणांचा आहे. काच चांगली राहते, पण धातूच्या झाकणाच्या आतली मऊ कडी काही वापरांतच वास धरते आणि झाकण फेकावे लागते. त्यावर उपाय असल्यास तोही हवा आहे.

प्रतिसाद १

ताई, मी बरीच वर्षे काचेच्या बाटल्यांतील शीतपेयांच्या वितरणात काम केले आहे, म्हणून आधी तुमच्या हिशेबाविषयी थोडे लिहितो. या महिन्यात दिलेल्या बरण्यांची या महिन्यात परत आलेल्या बरण्यांशी तुलना करत असाल, तर आकडा वास्तवापेक्षा वाईट दिसेल. तेलाची बरणी तेल संपेपर्यंत घरातच राहणार. ती हरवलेली नसून वापरात आहे. ग्राहक वाढत असतील तर ही तूट आणखी मोठी भासते. वर्षभरात किती वेळा बरण्या भरून दिल्या आणि साठा टिकवण्यासाठी किती नव्या विकत घ्याव्या लागल्या, एवढे दोनच आकडे पाहावेत. पहिल्याला दुसऱ्याने भागले की बरणी सरासरी किती वेळा फिरते ते कळते, आणि फुटलेल्या व टवका उडालेल्या बरण्याही त्यात आपोआप धरल्या जातात. नवे ग्राहक जोडण्यासाठी घेतलेल्या बरण्या मात्र वेगळ्या मोजाव्यात.

आता रचनेविषयी. आमच्या धंद्यात बाटल्या परत येत, त्याला अनामत हे एकमेव कारण नव्हते. रिकामा क्रेट दिल्याशिवाय भरलेला क्रेट गाडीतून उतरत नसे, हे खरे कारण होते. तुमच्याकडेही पहिली बरणी विनाअनामत किंवा नाममात्र अनामतीवर द्यावी आणि दुसरी फक्त पहिलीच्या बदल्यात द्यावी. यात एका कुटुंबामागे तुमचे जास्तीत जास्त एका बरणीचे नुकसान होईल. ज्यांना एकाच वेळी तीन-चार बरण्या हव्या असतील, त्यांच्याकडून वरच्या प्रत्येक बरणीसाठी बाजारभावाइतकी अनामत घ्यावी. सहसा ती देणे त्यांना जड जात नाही.

आणखी एक गोष्ट म्हणजे सगळ्या बरण्या एकाच घाटाच्या ठेवाव्यात. जर्मनीत खनिज पाण्याच्या उत्पादकांनी १९६९ साली एक सामायिक काचेची बाटली स्वीकारली. कोणाचीही बाटली कोणीही धुऊन भरू शकत असल्यामुळे अशा बाटल्या ५०च्या आसपास वेळा फिरू शकतात. तुमच्या परिसरात लोणची, मध किंवा साबण विकणारे इतर लहान व्यावसायिक असतील, तर तीच बरणी त्यांनीही वापरावी यासाठी प्रयत्न करून पाहा.

प्रतिसाद २

झाकणांविषयी. अशी फिरवून लावायची धातूची झाकणे मुळात एकदाच हवाबंद करण्यासाठी बनवलेली असतात, त्यामुळे त्यांच्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नये. तुम्ही दीर्घकाळ टिकवण्यासाठी माल भरत नाही, तेव्हा हवाबंद झाकणाची गरजच नाही. सुटी सिलिकॉनची कडी असलेले स्टीलचे झाकण घ्या. कडी काढून वेगळी उकळता येते आणि खराब झाली तर फक्त कडीच बदलावी लागते. साबणाच्या बरण्यांची झाकणे वेगळ्या रंगाची ठेवा आणि ती खाद्यपदार्थांच्या बरण्यांवर कधीही जाऊ देऊ नका. माझ्या मते त्या बरण्याही वेगळ्याच असाव्यात.

धुताना प्रत्येक बरणीच्या काठावरून नख फिरवून पाहावे. डोळ्याला न दिसणारा टवका नखाला लागतो आणि अशी बरणी लगेच बाजूला काढावी. गरम पाणी वापरण्याआधी बरणी कोमट पाण्यात ठेवावी, नाहीतर तडा जातो. शेवटी फडक्याने न पुसता जाळीवर उपडी ठेवून हवेवर सुकू द्यावी. आतला ओलावा पूर्ण जाईपर्यंत झाकण लावू नये.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. नव्या खरेदीवरून हिशेब करण्याची सूचना मी लगेच अमलात आणली आणि चित्र वहीत दिसत होते तितके वाईट नाही, असे आढळले. काळजी मिटावी इतके मात्र ते चांगलेही नाही. पहिली बरणी विनाअनामत आणि पुढची बदल्यात, हे मला सर्वांत पटले आहे, कारण ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यालाही त्यात सहभागी होता येते. झाकणांच्या कडीचा पुरवठादार शोधत आहे.

एक अडचण उरते. पहिली बरणी कोणाला दिली हे लक्षात ठेवायचे तर नावांची वही ठेवावी लागेल, आणि आमच्या ग्राहकांपैकी अनेकांनी आयुष्यभर उधारीच्या वह्यांचा धाक सोसलेला आहे. दुकानात आपले नाव कसल्यातरी ‘येणे बाकी’च्या यादीत आहे, हे कळले की माणूस दुकानासमोरून जाणेच टाळतो. शिवाय कामासाठी गाव बदलणारी कुटुंबे आहेत. त्यांना बरणी कधीही, कोणामार्फतही परत करता यायला हवी. नावे न लिहिता हे जमेल का?

प्रतिसाद १

जमेल. सुरुवातीला प्रत्येक कुटुंबाला बरणीऐवजी एक बिल्ला द्यावा, शक्य तर वस्तीत ज्यांच्यावर लोकांचा विश्वास आहे अशा एखाद्या बाईंच्या हातून. बिल्ला दिला की बरणी मिळते, बरणी दिली की भरलेली बरणी किंवा बिल्ला मिळतो. बिल्ला कोणाचा हे कोणी विचारायचे नाही, त्यामुळे शेजारीणही रिकामी बरणी आणून देऊ शकते आणि गाव सोडणाऱ्याला तो दुसऱ्या कुटुंबाला देता येतो. तुम्हाला फक्त किती बिल्ले वाटले आणि किती बरण्या नव्याने घ्याव्या लागल्या, एवढेच लिहावे लागेल. बिल्ले कागदाचे करू नका. पाण्यात भिजून महिन्याभरात त्यांचा लगदा होतो. पत्र्याचे किंवा लाकडाचे करा आणि त्यांवर अनुक्रमांक टाकू नका, नाहीतर कोणीतरी ती वही पुन्हा सुरू करील.

ज्यांच्याकडून बाजारभावाची अनामत घ्याल, त्यांची रक्कम मात्र गल्ल्यात मिसळू देऊ नका. ती तुमची कमाई नसून परत करायचे देणे आहे, आणि सणासुदीच्या आधी किंवा सुट्यांच्या सुरुवातीला बऱ्याच बरण्या एकदम परत येतात.