आधी गिऱ्हाईक की आधी यंत्र?

कोरडवाहू (धागाकर्ता)

एका मित्राने भाज्या आणि फळं वाळवून विकायचं ठरवलंय. ठरवून दोन महिने झाले. तेवढ्यात त्याने धंद्याचं नाव पक्कं केलं, बोधचिन्ह काढून घेतलं, लेबलं छापून आणली आणि एका फेरीत १०० किलो माल घेणाऱ्या ड्रायरसाठी कर्जाचा अर्ज भरला. विकलं किती? एक पुडीसुद्धा नाही. कुणी चव बघितली का म्हटलं, तर "घरच्यांना खूप आवडली."

घरच्यांना आवडणारच हो.

माझं मत सांगतो, वाद व्हावा म्हणूनच धागा काढलाय. खाण्याचा किंवा शेतीचा लहान धंदा सुरू करताना यंत्र, जागा, लेबल हे सगळं शेवटी. आधी एकच वस्तू हाताशी असलेल्या साधनांनी बनवायची आणि अजिबात ओळख नसलेल्या वीस जणांना रोख विकायची. मग त्यातले किती जण न बोलावता परत येतात ते मोजायचं. पहिल्यांदा माणूस उत्सुकतेने घेतो, नाहीतर भिडेखातर. दुसऱ्यांदा भीड नसते.

शिवाय करून बघितल्याशिवाय साधा हिशेबही कळत नाही. टोमॅटोत साधारण ९४ टक्के पाणी असतं. म्हणजे १० किलोत घन भाग ६०० ग्रॅम. १० टक्के ओलावा ठेवून वाळवले तर हातात येतात ६६७ ग्रॅम, आणि डाग-देठ काढले की त्याहून कमी. वीज आणि मजुरी धरायच्या आधीच किलोमागे कच्चा माल पंधरापट महाग झाला. मित्राला हा आकडा मी सांगितला तेव्हा तो जरा वेळ गप्प बसला. नंतर म्हणाला, "मोठ्या ड्रायरमध्ये परवडेल." पाणी काय ड्रायर बघून कमी होतं?

चिमटीभर

धाग्याशी असहमत. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण यात एक गोम आहे. स्वयंपाकघरात तुम्ही जे बनवता ते, आणि पुढे मोठ्या भांड्यात जे बनवाल ते, या दोन वेगळ्या वस्तू असतात.

मी सॉस बनवते. दोन लिटरच्या पातेल्यात जमलेला सॉस चाळीस लिटरच्या भांड्यात केला तर नुसता पांचट झाला. प्रमाण तेच, मसाला तोच. कारण साधं आहे. भांड्याची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली की आतला माल आठपट होतो, पण पृष्ठभाग चौपटच वाढतो. वाफ जायला आणि उष्णता बाहेर पडायला तुलनेने जागाच कमी. पाणी आटत नाही, तेवढ्या वेळात मसाल्याचा वास मात्र उडून जातो.

चवीचं एक वेळ सोडा. निवण्याचं काय? शिजवलेला पदार्थ ५७ अंशांवरून २१ वर दोन तासांत आणि तिथून ५ अंशांवर पुढच्या चार तासांत आला पाहिजे, कारण मधल्या टप्प्यात जंतू भराभर वाढतात. दोन लिटरला हे सहज जमतं. चाळीस लिटरचं भांडं झाकून ठेवलंत तर सकाळीही मधे कोमट लागतं. तुमच्या वीस गिऱ्हाइकांनी पास केलेली वस्तू मोठ्या प्रमाणावर करताच येणार नसेल, तर त्यांच्या परत येण्याला अर्थ काय?

कोरडवाहू

पण हे तुम्हाला कळलं कधी? चाळीस लिटरचं भांडं घेतल्यावर! मी म्हणतो ते हेच. दोनवरून दहावर जा, तिथे पांचट होतंय का बघा, उथळ ताटांत ओतून निववा. दहा लिटर वाया गेले तर रात्रीची झोप जाते, कर्जाचं भांडं वाया गेलं तर वर्ष जातं.

तराजू

दोघांनीही मजुरी धरलेली नाही. माझ्याकडे असे हिशेब बरेच येतात, त्यामुळे स्पष्ट लिहितो.

पहिली चूक टक्केवारीची. ६० खर्च, १०० ला विक्री, आणि माणूस सांगतो "६६ टक्के नफा". खर्चावर ६६, विक्रीवर ४०. दुकानदार त्याचे ३० टक्के मागतो ते विक्रीवर मागतो. म्हणजे उरले १०. त्यात फुटलेली बाटली, परत आलेला माल आणि नमुना म्हणून वाटलेले धरा.

दुसरी चूक अधिक वाईट. घरी चार तासांत तीस बाटल्या झाल्या असे लोक सांगतात. त्या चार तासांत खरेदीला जाणे, बाटल्या धुणे, लेबल चिकटवणे, पोचवणे, फोन घेणे आणि शेवटी भांडी घासणे नसते. हे सगळे लिहून काढले की चाराचे नऊ तास होतात. स्वतःची मजुरी शून्य धरून ठरवलेल्या भावात वीसच काय, दोनशे जण परत येतील. स्वस्त आहे म्हणून येतील. त्यामुळे धागाकर्त्यांची परीक्षाच सदोष आहे. त्यात वस्तू पास होत नाही, फुकटची मेहनत पास होते.

कोरडवाहू

हे मान्य. परीक्षेत दुरुस्ती: पहिल्या पुडीपासून भाव तोच लावायचा, जो पुढे पगारी माणूस ठेवल्यावर लावावा लागेल. त्या भावाला गिऱ्हाईक परत आलं तरच धरायचं. पण यंत्र शेवटी, हे अजून कुणी खोडलेलं नाही.

खुरपं

मी खोडतो. तुम्ही सगळे शिजवणारे दिसताय. शेतीत "थोडं विकून बघा" कुठून आणायचं?

कोंबडी पिल्लू असताना आणली तर पहिलं अंडं द्यायला १८ ते २० आठवडे घेते. तोवर फक्त खाणार. अंड्यावर आली की दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य. पन्नास कोंबड्या म्हणजे रोज साडेपाच किलो, तुमचं गिऱ्हाईक येवो न येवो. शेड, पाणी, जाळी हे आधीच हवं, कारण मुंगूस तुमच्या बाजार-चाचणीसाठी थांबत नाही. दिवस लहान झाला की अंडी घटतात, १४-१५ तास उजेड लागतो, म्हणजे दिवे आले. पिसं झडायला लागली की अंडी जवळजवळ बंद. नेमकं तेव्हाच तुमचं परतलेलं गिऱ्हाईक दारात उभं.

धिंगरी अळंबीचंही (ऑयस्टर मशरूम) तसंच. पहिला तोडा एकदम येतो, मग काही दिवस काहीच नाही, मग दुसरा. माल थंडाव्यात ठेवूनही काही दिवसच टिकतो. पहिल्या तोड्याला मी दारोदार फिरून फुकट वाटली होती. दुसऱ्या तोड्याला लोक विचारायला आले, "आज नाही का वाटत?"

(अवांतर: धिंगरी करणार असाल तर तोडणीला मास्क लावा. बीजाणू छातीत जाऊन खोकला-ताप धरतो. मला तो पावसाळी सर्दीचा वाटला होता, बरेच दिवस.)

जुनं_खोड

खुरपं, मग आधी दुसऱ्याच्या कोंबड्यांची अंडी विका की. माल दुसऱ्याचा आहे हे सांगून विका. गिऱ्हाईक, भाव, फुटतूट, कुठल्या वारी किती लागतात, सगळं शेड न बांधता कळेल. मग तयार तलंगा (अंड्यावर यायच्या बेतातल्या कोंबड्या) आणा, पिल्लं नकोत. वीस आठवड्यांचा प्रश्न बराचसा मिटला.

खुरपं

मग मी व्यापारी झालो, शेतकरी कुठे राहिलो?

जुनं_खोड

विकायला लागलात त्या दिवशीच झालात!

आणि धागाकर्त्यांच्या बाजूने एक दाखला. बाटलीत अन्न टिकवण्याची रीत बसवली ती निकोला आपेर या फ्रेंच माणसाने. मूळचा मिठाईवाला. बाटल्या बुचाने बंद करून उकळत्या पाण्यात ठेवायचा. अन्न का टिकतं हे त्याला ठाऊक नव्हतं, जंतूंचा उलगडा पाश्चरने पुढे अर्ध्या शतकाने केला. तरी वर्षानुवर्षं करत राहिला आणि १८१० मध्ये सरकारकडून १२,००० फ्रँकचं बक्षीस मिळवलं. आधी केलं, शास्त्र मागून आलं.

चिमटीभर

आणि १८४१ मध्ये हलाखीत गेला, तेही सांगा की.

शिवाय दाखला माझ्याच बाजूचा आहे. का टिकतं हे न कळता केलं की कधी टिकणार नाही हेही कळत नाही. खूप लोक तेलात बुडवलेला कच्चा लसूण बाटलीत भरून विकायला निघतात. दिसायला सुंदर. लसणात आंबटपणा नाही, तेलाने हवा तोडलेली, बाटली खोलीच्या तापमानाला. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवघेणं विष करणाऱ्या जंतूला याहून चांगलं घर मिळणार नाही. त्याचे बीजाणू (कडक कवचातलं सुप्त रूप) १०० अंशांच्या उकळीला दाद देत नाहीत, दाबाखाली १२१ अंश लागतात. विष तयार झालं तरी बाटलीला वास येईलच असं नाही. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ४.६ च्या खाली असेल तर तो जंतू वाढत नाही, म्हणून सॉसमध्ये आम्ही आंबटपणा मोजतो, जिभेने नव्हे, मीटरने.

आता धागाकर्त्यांचं वाक्य पुन्हा वाचा: "हाताशी असलेल्या साधनांनी", "ओळख नसलेल्या वीस जणांना". ते वीस जण तुमची परीक्षा घेत नसतात, तुम्ही त्यांच्यावर प्रयोग करत असता. परवाना, स्वच्छता आणि मोजमाप या तीन गोष्टी पहिल्या पुडीच्या आधी. त्यात मला तडजोड दिसत नाही.

कोरडवाहू

इथे मी मागे सरतो. पीएच मीटर, तापमापी आणि वजनकाटा ही यंत्रं पहिल्या दिवशी. परवानाही. माझा राग मोठ्या ड्रायरवर होता, तो सगळ्याच यंत्रांवर काढला गेला. वाक्य असं हवं होतं: मोजायची यंत्रं आधी, बनवायची नंतर. खुरपं यांच्या मुंगसाला मात्र माझ्याकडे अजून उत्तर नाही.

तराजू

तलंगा आणल्या तरी मुंगूस राहतोच.

कोरडवाहू

ताजी खबर. मित्राने धागा वाचला. आधी रागावला, मग रविवारी एका ओळखीच्यांचा लहान ड्रायर भाड्याने घेऊन १० किलो टोमॅटो लावले. हातात आले ५४० ग्रॅम. कर्जाचा अर्ज मागे घेतलेला नाही, लेबलांवर मात्र आता बोलत नाही. पुड्या भरून तयार आहेत, शनिवारी विकायला बसणार.

चिमटीभर

त्याला म्हणावं लगेच पुडीत भरू नकोस. ड्रायरमधून काढलेले सगळे तुकडे सारखे सुकलेले नसतात. काचेच्या बरणीत दोन तृतीयांश भरून आठवडाभर ठेव, रोज एकदा हलव, म्हणजे ओलावा सगळीकडे सारखा होईल. काचेला आतून घाम आलेला दिसला तर परत ड्रायरमध्ये.

कोरडवाहू

आत्ताच फोनवर सांगितलं. पुड्या फोडतोय. शनिवार हुकला म्हणून शिव्या तुम्हाला.